उभ्या गाडीचं इंजिन

।। श्री ।।

हिंगणा रोड, नागपूर
ता. ३ डिसेंबर १९७८

ती. ताराताईस शरदचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. धान घरात आलं आणि भाऊजींचा खोकला गेला, हे वाचून बरं वाटलं.

गाडी पाहून आलो. तीच लाल, दोन दारांची. आम्ही कॉलेजात असताना सक्करदऱ्याच्या तलावावरून जायची आणि दिसण्याआधी ऐकू यायची. गिरिधर ती मद्रासच्या शर्यतींना न्यायचा. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. आता त्याचे वडील मनोहरराव ती विकत आहेत. ट्रेझरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पत्रा निर्दोष आहे, रंगावर ओरखडा नाही.

इंजिनाचं तसं नाही. निळा धूर येतो. तेलाला पेट्रोलचा वास आहे. चारपैकी दोन सिलिंडरांत दाब उरलेला नाही. साधी गाडी असती तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडे कोरून, नवे पिस्टन टाकले असते. पण वेगासाठी गिरिधरनं सिलिंडर आधीच शेवटपर्यंत कोरून घेतले होते. आणखी कोरायला धातू नाही, आणि सुटे भाग इकडे मिळत नाहीत. आज चालेल. कधी थांबेल ते सांगता येत नाही.

कारणही डोळ्यांनी पाहिलं. मनोहररावांना गाडी चालवता येत नाही. बंद ठेवलेलं इंजिन जाम होतं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी ते बाहेर उभे राहूनच दारातून हात घालतात, चोक ओढतात, किल्ली फिरवतात. चहा संपला की बंद करतात. थंड इंजिन रोज असं चोक ओढून उभ्या उभ्या चालवलं की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरावरचं तेल धुऊन नेतं आणि धातूवर धातू घासतो. त्यांनी ते जपून जपून झिजवलं आहे.

मला विचारलं, की मी नीट सांभाळलं ना. मी म्हणालो, विचार करून कळवतो. रंग पसंत नाही, असं कळवावं का? गाडी मला हवी आहे, हेही खरंच.

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा
शरद

---

कुही
ता. ८ डिसेंबर १९७८

चि. शरदास ताराचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. तुझे भाऊजी म्हणाले, की नागपुरातून कुहीले यायले यष्टी आहे तरी साळा दिवाळीले येत नाही, गाडी घेऊन तरी कुठं येऊन राहिला. ते राहू दे.

रंगाचं निमित्त सांगू नको. तू परत गेलास की दुसरा कुणी येईल, बॉनेट उघडून हसेल आणि अंगणात उभा राहून म्हणेल, की बुढ्या, तूच मारलं गा इंजिन.

माझा धाकटा दीर गेला तेव्हा मामंजींनी त्याची बैलजोडी दावणीला बांधून खाऊ घातली. कुणाला जू ठेवू दिलं नाही. पोळ्यापर्यंत बैलांच्या पायांत जोर उरला नाही. ते गावानं त्यांना पारावर ऐकवलं. आम्ही घरचे पाहत होतो आणि गप्प होतो.

सांगणं तुझ्या वाट्याला आलं आहे. काहून म्हणशील, तर तुला ती गाडी आवडते म्हणून. तोंडानं जमत नसेल तर लिही. इंजिन कसं आहे तेवढंच लिही. कशानं झालं ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नको.

जेवत जा. ताईवरचा लोभ गाडीपेक्षा कमी नसावा.

तुझी
तारा

---

सक्करदरा, नागपूर
ता. १९ डिसेंबर १९७८

रा. रा. शरच्चंद्र यांस मनोहररावांचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. इंजिन दुरुस्तीपलीकडे झिजलं आहे, हे स्पष्ट लिहिलंत. कशानं ते लिहिलं नाहीत. ठाऊक नसतं तर तुम्ही तसं लिहिलं असतं. म्हणून दुसरीकडे विचारलं. कळलं.

काल सकाळी किल्ली घेऊन गाडीपाशी गेलो आणि तसाच परत आलो. आमच्या सौ. रुखमाबाईनं आतून विचारलं, की आज आवाज काहून नाही आला, पेट्रोल सरलं का. तिला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, की आवाज सुरू झाला की मले रोज वाटे, पोरगं निघून राहिलं, अन् बंद झाला की वाटे, गेलं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

गाडी आता विकायची नाही. असं इंजिन मी कुणाला देणार नाही, तुम्हालाही नाही. तुम्हाला ती फार हवी होती, हे तुमच्या पत्रातल्या खाडाखोडीवरून दिसलं. तरी लिहिलंत.

उमरेडपर्यंत ती अजून जाईल, परतीची खात्री नाही, असं तुम्ही म्हणता. रविवारी सकाळी या, तिथवर दोघं जाऊ. परतीला यष्टी आहे.

ओळख थोडी आहे, तरी लोभ धरावा.

आपला
मनोहरराव

ता. क. गिरिधर बोलवायचा तेव्हा मी म्हणायचो, हळू चालवशील तर बसेन. त्याला ते जमलं नाही, आणि मी एकदाही बसलो नाही. तुम्ही हळू चालवू नका.