निळीचा रांजण कोणी मारला

४ मार्च
या नोंदींचा हेतू एकच: कापड रंगवण्यासाठी आंबवलेल्या निळीचा, आईच्या वेळेपासून जिवंत असलेला रांजण भाचीच्या हयगयीने मरणपंथाला लागला आहे, हे सिद्ध करणे. धाकटी बहीण खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हापासून रांजणाला कोंडा, चुना, गूळ घालण्याचे काम तिच्या लेकीकडे आहे. हल्ली कापड फिकट निघते. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. रंगघरात फारसे पाऊल टाकले नाही. म्हणूनच मी तटस्थ आहे.

५ मार्च
भाची म्हणते, "दमलाय तो, मामा. आठ दिवस झाकून ठेवायचा, बस्स." पुरावा विचारला. "पुरावा कसला! वास घ्या की." — वास हे प्रमाण नव्हे. तापमापक आणला. उद्यापासून दिवसातून पाच मोजमापे, प्रत्येक वेळी तळापासून ढवळून.

७ मार्च
"सारखं झाकण काढू नका हो! तो काय परीक्षेला बसलाय?" उद्धट! रंगघराची किल्ली काढून घेतली.

८ मार्च
भाची घर सोडून गेली. जाताना दारात तांब्या पुढे केला. "एवढा तरी भरून द्या. विरजणासारखा लावीन दुसरीकडे." आईनेही तिच्या आईकडून असाच आणला होता, म्हणे. नाकारला. पुराव्याला हात लावू देता येत नाही.

११ मार्च
पाच नोंदी. वास उग्र.

१३ मार्च
सिद्ध! इतके दिवस हिरवट-पिवळे असलेले पाणी आज तळापर्यंत निळेशार. भाची गेली आणि रांजण सुधारला — कार्यकारणभाव याहून स्पष्ट तो काय असणार?

१४ मार्च
बहिणीला वाटीत नमुना नेऊन दाखवला. तिने हुंगला. वाटी माझ्या हातात परत दिली.
"दादा, जिवंत नीळ हिरवी असते रे. कापड बाहेर काढलं, वारा लागला, की मग ते निळं होतं. तू रांजणालाच वारा घातलास. किती वेळा उघडलास?"
वही पाहावी लागली नाही. चाळीस वेळा.
"पोरीला तांब्या तरी भरून दिलास ना?"

१५ मार्च
कोंडा, गूळ घालून पाहिले. फेस नाही, नुसती कुजकी घाण. साध्य असिद्ध. भाची निर्दोष. चूक एक आणि ती माझी: जे झाकून ठेवायचे, ते मी मोजत बसलो.
काल बहिणीने तांब्याचे विचारले, तेव्हा मी "हो" म्हणालो. "मग जगेल तो," असे म्हणून ती निवांत झोपली. ती चूक नव्हे; ते खोटे होते.
(सही) थोरला भाऊ