श्रीनाथशेठची उलटतपासणी

टिळकवाडी, बेळगाव
ता. ८ जानेवारी २०२४

तीर्थरूप आत्यास,
विद्युल्लतेचा शि. सा. न. वि. वि.

कारखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, त्यामुळे फोनवर ओरडण्यापेक्षा हा कागदच बरा. शिवाय आजची बातमी ओरडून सांगायची नाही, चवीने सांगायची आहे.

तुझ्या मालकाने, श्रीनाथशेठने, दावा लावलाय. त्याच्या तपकिरीच्या कारखान्यातला कुमार नोकरी सोडून संकेश्वरला दुसऱ्या कारखान्यात लागला, म्हणून. त्याने आमचं गुपित चोरलं, आणि इथून सुटल्यावर दुसरीकडे तपकिरीचं काम करणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं मोडलं, असं शेठचं म्हणणं. निकाल लागेपर्यंत कोर्टाने कुमारला कामाची मनाई केली आहे. शनिवारी कुमार तो कागद घेऊन माझ्या ऑफिसात आला. मी वाचला आणि आधी पाणी मागवलं. आत्या, आप्पांनी शेठला लिहून दिलेल्या कागदातली वाक्यं जशीच्या तशी आहेत. तीस वर्षांत त्या माणसाने मजकूरही बदलला नाही.

अठरा वर्षं मी असलेच खटले चालवते, आणि बहुतेक मालकांच्या बाजूने. त्यावरून तू मला टोमणे मारतेस. पण चोराच्या वाटा चोराला ठाऊक. नोकरी सुटल्यावर माणसाला आपलं काम करायची बंदी घालणारा करार आपल्याकडे मुळातच रद्द असतो. करार कायद्याचं सत्ताविसावं कलम, इंग्रजांच्या वेळचं. आप्पांना ते कुणी सांगितलं नाही आणि शेठकडून सुटल्यावर ते अकरा वर्षं, मरेपर्यंत, घराच्या पायरीवर बसून राहिले. मला श्रीनाथशेठला पिंजऱ्यात उभं करून वदवून घ्यायचंय की तो कागद फुकट होता आणि हे त्याला ठाऊक होतं. बाकी मला काही नको.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. लोभ आहेच, तो वाढवत राहा.

तुझी
विद्युल्लता


निपाणी
ता. १७ जानेवारी २०२४

चि. विद्युल्लतेस,
बायाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि देवापुढं ठेवून साखर ठेवली. सोडू नकोस त्याला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी त्या शेठची गत आहे. अजून दुपारी गाडीतून उतरताना बायकांकडं बघत नाही, जणू आम्ही पोती.

तुझ्या आप्पाला तू पायरीवरच पाहिलंस जास्त. तंबाखूच्या भाजणीत सुबरावसारखा हात निपाणीत नव्हता. घरी बसल्यावर कुणी डबी पुढं केली तर नुसत्या वासावरून सांगायचा, तंबाखू कुठल्या शिवारातली आणि तूप कच्चं राहिलंय का. लोक मजा म्हणून डब्या आणायचे. पुढं त्याने वास घेणंही सोडलं.

एक ध्यानात ठेव. गुपित गुपित म्हणून शेठ ओरडतोय, पण ते त्याला कधी ठाऊकच नव्हतं. चुना किती, तूप किती, आच कधी काढायची, हे सुबरावच्या हातात होतं, मग त्याने शिकवलेल्यांच्या. शेठ भाजणीच्या खोलीत शिरायचाच नाही. त्याला शिंका येतात.

कुमार आमच्याच गल्लीतला. तो घरात बसून आहे, बायको रक्षा विड्या वळते. वकीलबाई लई फी घेत्यात व्हय, म्हणून ती विचारत होती. मी सांगितलं की तुझ्याकडून न्हाय घेणार.

तिळगूळ कुमारबरोबर पाठवलाय, आणि गोड बोलायचं ते आपल्या माणसांशी, शेठशी नव्हे. म्हातारीवर माया ठेव.

तुझी
आत्या


टिळकवाडी, बेळगाव
ता. २० फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू कळवलेल्या शेठच्या शिंकांनी काम केलं. मी कोर्टाकडे अर्ज दिला की जे गुपित चोरीला गेलं म्हणता, ते काय आहे हे शेठने स्वतःच्या अक्षरात लिहून बंद पाकिटात द्यावं. कोर्टाने मान्य केलं. पाच फेब्रुवारीला पाकिटाऐवजी त्याच्या वकिलांचं तडजोडीचं पत्र आलं. शेठ दावा मागे घेतो, कुमारने हवं तिथे काम करावं, आणि कुणी कुणाबद्दल काही बोलायचं नाही.

ते पत्र मी कपाटात टाकलंय. कुमारला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो त्याच दिवशी सही करेल आणि शेठ तोंड न उघडता घरी जाईल. त्याची उलटतपासणी बारा मार्चला आहे. मी एक्केचाळीस प्रश्न काढलेत, आणि एकविसाव्या प्रश्नात आप्पांचं नाव येतं.

हे चूक आहे, मला कळतं. अशिलापासून अशी गोष्ट लपवली तर सनदही जाऊ शकते. पण आपण तीस वर्षं थांबलो, तो तीन आठवडे थांबेल. त्याचं भलंच होणार आहे, थोडं उशिरा. हे तुला सोडून कुणाला लिहिलेलं नाही. पत्र वाचून झालं की चुलीत घाल, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
विद्युल्लता


निपाणी
ता. २४ फेब्रुवारी २०२४

चि. विद्युल्लतेस,
आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं नाही. आधी हे वाच.

आप्पाला कुणी सांगितलं नाही असं तू लिहिलं होतंस. सांगणारा आला होता. चिकोडीच्या एका वकिलांकडं महादेव म्हणून कारकून होते. आप्पा घरी बसला त्याच वर्षी त्यांनी बाजारात मला गाठून सांगितलं की त्या कागदात काही दम न्हाय, सुबरावला म्हणावं, बिनघोर दुसरीकडं काम धर. सांगते, असं मी म्हटलं. सांगितलं नाही.

आदल्याच आठवड्यात शेठने मला बोलावून घेतलं होतं. तुझा भाऊ दुसऱ्या कारखान्यात दिसला तर तू उद्यापासून येऊ नको, असं म्हणाला. माझा नवरा सोडून गेलेला, हातात दुसरं काम नाही. मी मनाशी म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, मग सांगू. मग महिना झाला, मग वर्ष झालं. पुढं सांगायची भीती शेठची उरली नाही, आप्पाची वाटायला लागली. इतके दिवस का गप्प बसलीस, असं त्याने विचारलं असतं. तुझं कॉलेज माझ्या पगारावर झालं, पण त्याचा आडोसा मी घेत नाही. तेव्हा मी फक्त भ्याले होते.

शेठला मी सगळ्यांत जास्त शिव्या दिल्या, त्याचं कारण हे.

काल रक्षाच्या दारावरून गेले. कुमार पायरीवर बसला होता. त्याला आजच्या आज सांग. आणि कुणाची उलटतपासणी घ्यायचीच असेल तर माझी घे. काही मागायचा हक्क आता मला नाही.

आत्या


टिळकवाडी, बेळगाव
ता. ६ मार्च २०२४

श्रीमती बायाक्का यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. त्याच दुपारी मी निपाणीला आले होते. आपल्या दारावरूनच गेले.

कुमारला तडजोडीचं पत्र दाखवलं. कधी आलं होतं हे त्याने विचारलं आणि मी खरी तारीख सांगितली. रक्षा एवढंच म्हणाली की तवापासनं मी रोज रात्री दिवा लावून विड्या वळत होते, बाई. माझी तक्रार करायची असेल तर कुठे करायची, तो पत्ता मी लिहून दिला आहे. सही त्याने तिथेच केली.

सोमवारी कोर्टात तडजोड नोंदवली. तो कालपासून संकेश्वरला कामावर जातो. श्रीनाथशेठ आले होते, काठी घेऊन. जाताना थांबले, सुबरावची पोर न्हवं तू, म्हणून विचारलं, आणि हसून गाडीत बसले. एक्केचाळीस प्रश्न फाइलमध्ये तसेच आहेत.

उलटतपासणी तुमची घ्यावी, असं तुम्ही लिहिलंत. घेणार नाही. उलटतपासणी झाली की साक्षीदार मोकळा होतो आणि आपल्या घरी जातो. तुम्हांला मोकळं करायची माझी तयारी नाही.

गुडघ्याचं तेल वेगळं पाठवलं आहे, ते फक्त औषध समजावं. सही करताना सवयीने ‘तुझी’ लिहून गेले, ते खोडलं आहे. दुसरा कागद मुद्दाम घेतला नाही.

विद्युल्लता