कंबर, टायर आणि भाओजींचा खांदा

कुओपिओ, २६ एप्रिल

ती. हेल्वीताईस,

धाकट्या ताइस्तोचा उभ्याउभ्या नमस्कार. (वाकता येत नाही, कारण खाली येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे तळ्यावरचा बर्फ गेला का? इथे कडेला अजून आहे, पण लोकांना धीर नाही. बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर काढून उन्हाळी चढवायला सगळं गाव एकाच आठवड्यात आमच्या दारात उभं.

आमच्या गोदामात नऊशे गाड्यांचे टायर सांभाळायला असतात, हे तुला काय सांगायचं; उऱ्हो भाओजींनी तिथेच माझ्याबरोबर एकवीस वर्षं काढली. आता नवी मुकादम आहे, मार्केत्ता. (वय चौतीस, हसायचं नाही असं ठरवूनच जन्मलेली.) तिने आल्याआल्या फर्मान काढलं: जड टायर गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, हलके तेवढे वरच्या फळीवर, न्यायचे ते जमिनीवरून घरंगळत, चढवायला-उतरवायला हाताने ढकलायची उचलगाडी, आणि हातात ओझं असताना कंबर पिळायची नाही, पावलं वळवायची. खांबांवर तिने उंचीचे पिवळे पट्टे मारले, तेव्हा मी विचारलं, "इथे काय बालवाडीतल्या पोरांची उंची मोजायचीय?" सगळे हसले. ती नाही.

गेल्या गुरुवारी एका व्हॅनचे टायर हवे होते. लोखंडी रिमसकट एकेक तीस किलोचा, आणि चारही सर्वांत वरच्या फळीवर. (कुणी ठेवले? मीच, ऑक्टोबरात. खालची फळी रिकामी करायचा कंटाळा.) उचलगाडी दहा पावलांवर होती. मी हात वर करून टायर ओढला, छातीशी धरला आणि तसाच गर्रकन वळलो. कमरेत अशी चमक भरली की टायर गेला भिंतीकडे आणि मी त्याच कोनात राहिलो, ना उभा ना बसलेला. मार्केत्ताने उचलगाडी आणली, मला कुशीवर निजवलं आणि रांगेतल्या सतरा गिऱ्हाइकांसमोरून बाहेर नेलं. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली. त्याला वाटलं, मी गेलो.

दवाखान्यात बसल्याबसल्या तिने विचारलं, "तुमच्या भाओजींचा खांदा कशाने गेला हो?"

"वयाने," मी म्हणालो.

ताई, ते खोटं आहे. भाओजी उचलगाडी रोज वापरायचे, कुणी सांगायच्या आधीपासून. आणि मी रोज, चारचौघांत, "काय भाओजी, नातवंडाला फिरवायला निघालात?" एका हिवाळ्यात त्यांनी ती कोपऱ्यात लावली ती लावलीच. दोन वर्षांत खांद्याचा स्नायू फाटला. घरी त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. माझं नाव घेतलं नसणार. त्यांना आता गळ टाकता येत नाही, असं तू नाताळात म्हणालीस, तेव्हा मी तोंडात बटाटा कोंबून गप्प बसलो होतो.

बाकी मी बरा आहे. तीन आठवड्यांनी कामावर जाईन. नव्या लोकांना ओझं कसं धरायचं ते मीच शिकवावं, असं मार्केत्ताचं म्हणणं आहे. (तेव्हाही हसली नाही.)

तुझा,
ताइस्तो

ता. क. पत्र तुझ्या नावावर असलं तरी आहे भाओजींसाठी. त्यांना वाचून दाखव. त्यांच्या नावाने सहा वेळा सुरू केलं, हवापाण्याच्या पुढे जाईना.

ता. क. २. ते काय म्हणाले, ते कळव. शिव्या असल्या तर त्याही. काहीच न बोलता उठून बाहेर गेले, तर किती वेळाने परत आले, तेवढं लिही.