पाच अंकी नाटक, एक कपाट आणि धाकटी बहीण

मी, लाँड्रीवाल्यांची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. (आई “ते राहू दे, आधी जेव” म्हणते आहे, ते दडपण धरू नये.) उद्या माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या मते ती किरकोळ आहे. पित्ताशय त्यांचे नाही.

१. माझे कपाट आईला. त्यातल्या कॉलेजच्या वह्या रद्दीत द्याव्यात. एक जुने विनोदी नाटक ‘तत्कालीन समाजातील दोष दाखवते’ असे मी त्यांत पानोपानी लिहिले आहे, आणि लिहिताना एकदाही हसलेले नाही.

२. त्या नाटकाचे पुस्तक सर्वांना सामाईक. वाटणी करू नये. दुकान बंद झाल्यावर इस्त्रीच्या टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन मोठ्याने वाचावे. विनोद आज कळावा म्हणून मी आधी तळटिपा वाचून दाखवत असे. आई म्हणाली, “अगं, ते बारीक अक्षरातलं सोड. म्हातारा पेटीत अडकलाय, त्याला आधी बाहेर काढ!” तेव्हापासून तळटिपा बंद. बाबा कंसातल्या सूचनाही वाचतात आणि पाळतात. ‘रागाने निघून जातो’ असे वाचून ते खरोखर रस्त्यावर जातात. ते परत येईपर्यंत थांबावे. कोणीही त्यांना सुधारू नये.

३. नाटकातला बाप मुलीचे लग्न परस्पर एका श्रीमंत म्हाताऱ्याशी ठरवतो आणि म्हणतो, “तिला काय विचारायचं?” बाबांनी हे वाक्य असे फेकले की आम्ही पोट धरून हसलो. माझे दुखणे तेव्हाच सुरू झाले. पुढच्याच रविवारी आत्या धाकटीसाठी स्थळ घेऊन आली: दोन दुकाने, वय चाळीस. मी म्हटले, “बाबा, तिचं कॉलेज आत्ता कुठे सुरू झालंय. तिला विचारा तरी.”

“तिला काय विचारायचं?”

बाबांचा तोच सूर. कोणी हसले नाही. ज्याला मी ‘तत्कालीन’ म्हणत होते, ते आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. वाचन चौथ्या अंकावर थांबले आहे.

४. माझी सर्व बचत धाकटीच्या फीसाठी. लग्नाच्या कोणत्याही खर्चाला ती वापरता येणार नाही. जेवणावळीला तर नाहीच.

५. आत्याला माझी छत्री. “एवढी शिकली आणि घरात भांडणं लावते,” असे ती म्हणाली. तिला बाबा आजवर कधी उलट बोललेले नाहीत, त्यामुळे भांडण झालेलेच नाही. छत्री मात्र चांगली आहे.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबांनी करावी. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. हे वाक्य वकिली नाही.

स्थळ: लाँड्रीमागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी
सही: थोरली

साक्षीदार:

१. शेजारचे घड्याळ दुरुस्तीवाले. (मजकूर वाचला नाही, चष्मा दुकानात राहिला. सही माझीच.)

२. वडील. वाचलं. धाकटीला बोलावून विचारलं. नको म्हणाली. ताईला, म्हणजे तुझ्या आत्याला, आत्ताच जाऊन सांगतो. सही परत आल्यावर करतो.