माणिकचं विरजण

जठारपेठ, अकोला
संक्रांतीनंतरचा रविवार, १९६४

चिरंजीव बापूसाहेब यांस अनेक आशीर्वाद. (वकिलाला आशीर्वाद देताना हात कचरतो; पण माझ्या लग्नात कानपिळीला टाचा उंचावून माझा कान पिळलात ते तुम्हीच, तेव्हा हक्क माझाच.) तुमचा खोकला आणि ताराबाईंचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व क्षेम, असं पुढे लिहायची रीत आहे. शाळेत जन्मभर मीच ती शिकवली. पण आज लेखणी अडते. माणिकचं विरजण गेलं.

तुमची बहीण गेल्यावर या घरात तिच्या हातचं म्हणून जिवंत राहिलं ते तेवढंच. आदल्या दिवसाच्या दह्यातलं चमचाभर घेऊन नवं लावायचं, असं सूनबाईने, सिंधूने, आजवर चालवलं. दुपारी दहीभाताचा पहिला घास घेतला की "वरून मीठ हवं का?" असं माणिक अजून विचारते, असं मला वाटतं.

दोष तुमच्या शैलाचा. संक्रांतीला ती इथे आली आणि मी दहीभात कालवत असताना ही तुमची बी.एस्सी.ची कन्या म्हणाली, "आतोबा, यात कोट्यवधी जंतू आहेत बरं!" मग तिने सांगितलं की उपासमार झाली की काही जंतू फुटून मरतात आणि त्यांच्या अंगातल्या रसावर बाकीचे तगतात. काही तर पोटात एक टणक बी धरतात, होतं नव्हतं ते तिला देतात आणि स्वतः विरून जातात. बरे दिवस आले की ती बी उगवते. माझा घास हातातच राहिला. चौथीच्या वर्गात शिकवलेल्या बलिदानाच्या साऱ्या कविता आठवल्या. (खिडकीबाहेर निंब, आत मुलं एका सुरात, आणि शेवटच्या कडव्याला दाटायचा तो माझाच आवाज. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला सर्दीचं औषध सांगितलं होतं.) मी विचारलं, "कोणी मरायचं हे ठरवतं कोण?" म्हणे, कोणी नाही. "मग निरोप कसा घेतात?" म्हणे, "आतोबा, त्यांना मनच नसतं!" मन नाही, तोंड नाही, निरोपाचं कडवं नाही, आणि त्याग मात्र आपल्याहून चोख! मला काही समजेना. "पण ते बीवाले दह्यातले नव्हेत हो, मातीतले," असंही ती म्हणाली. ते मी ऐकलं. पण तोवर मी फार पुढे गेलो होतो.

यंदा थंडी कडाक्याची, आणि आमच्या गवळ्याचं दूध म्हणजे पांढरं पाणी. त्यात माणिकची मंडळी उपाशी कुडकुडताहेत आणि कोणी कोणासाठी मरतंय, ही कल्पना सोसेना. सिंधू हळदीकुंकवाला गेलेली पाहून मी दूध आटवलं, मूठभर साखर घातली, होतं तेवढं सगळं विरजण त्यात सोडलं (मागे कोणी एकटं राहू नये) आणि भांडं माझ्या शालीत गुंडाळून शेगडीच्या गरम राखेवर ठेवलं. शेजारी बसून दोन कविताही म्हटल्या.

झाकण काढलं तर वर पिवळट पाणी, तळाशी रबरासारखा गोळा. शेजारच्या गोदाबाई भिंतीवरून डोकावल्या.

"काहून रडून राहिले जी मास्तर? कोन गेलं?"

"सगळे गेले."

"सगळे कोन? दही शिजवलं तुमी! अन् शालबी जाळली!"

असो. शैलाला रागावू नका. तिला पुष्कळ शिकू द्या. निदान घरात एकाला तरी हे समजलेलं असावं.

तुमचा भाऊजी
कमलाकांत

ता.क. मुख्य काम राहिलंच. ताराबाई नवी नवरी असताना माणिकने याच विरजणातलं थोडं सुगडात घालून अमरावतीला नेऊन दिलं होतं. ते तुमच्याकडे चालू असणारच. त्यातलं चमचाभर तुमच्या कारकुनाबरोबर, मोतीरामाबरोबर, धाडा. मोटारीत त्याने ते मांडीवर धरावं, ऊन लागू देऊ नये.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी सिंधूने पत्र वाचलं आणि ती पदराने डोळे पुसत हसते आहे. म्हणते, "मामंजी, ते कितीदा तरी नासलं! दिवेलागणीच्या आत वाटी घेऊन गोदाबाईंकडे जायचं, हे सासूबाईंनीच मला शिकवलं." त्यावर भिंतीपलीकडून गोदाबाई ओरडल्या, "अन् माहं नासलं का मी माणिकबाईपासून नेत होती!" आता यात मेलं कोणाचं आणि जगलं कोणाचं? मला तर दोन घरांत मिळून एकच भांडं दिसायला लागलं आहे.

ता.क. तिसरा. ताराबाईंचं मध्ये कधी नासलं होतं का, हे त्यांना विचारू नका. विचारलंत तर मला कळवू नका. चमचाभर धाडा.