कोरं फडकं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला सव्वा महिना उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडतो. कारण कादंबरी. तिचं गाडं नवव्या प्रकरणात रुतलं आहे.

माझा नायक लिफ्ट तपासनीस आहे. गेली दोन वर्षं तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत न जाताच लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर सही ठोकतो. त्याला स्वतःची लाज वाटून तो बदलायला हवा, पण हा गडी ढिम्म. आरशासमोर उभा केला, तापाने फणफणवला, एका म्हाताऱ्याकडून दोन पानं उपदेश पाजला. हा शीळ घालत निघून जातो! लहानपणी माझ्या गोष्टींतले राक्षस तूच शहाणे करायचीस. आता यालाही हात दे. आणि भावोजीही लिफ्ट तपासनीसच, तेव्हा त्यांच्याकडून कामाची माहिती काढ, पण गोष्ट सांगू नकोस. त्यांच्यासारख्या सचोटीच्या माणसाला राग येईल.

बायकोला आठवा लागला. डॉक्टरांनी जिने बंद केलेत आणि आम्ही सहाव्या मजल्यावर. पण आमच्या लिफ्टच्या कार्डावर भावोजींचीच सही, त्यामुळे निर्धास्त आहोत.

लोभ आहेच, उशिरासकट असू दे.
तुझा,
शाईखाऊ


११ फेब्रुवारी

चि. शाईखाऊ यास,
अ. आ.

उशीर हा तुझा जन्मजात गुण. जन्मालाही तू पंधरा दिवस उशिरा आलास, आई शेवटपर्यंत सांगायची.

अरे, आरशाने कोण सुधारतं? माणूस रोज त्यात बघून भांग पाडतो आणि कामाला जातो. तुझ्या माणसाला तू उगाच दुष्ट केलंस. तो चांगलाच असणार. दोन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे धरले असतील. लिफ्ट बंद करून जिन्याने वर चढायचं जिवावर आलं, म्हणून एकदाच खालून सही केली. पुढचे दोन दिवस त्याला जेवण गेलं नसेल. पण काहीच झालं नाही. घात तिथेच झाला बघ. दुसऱ्या वेळी जेवण गेलं, आणि तिसऱ्या वेळी त्याने शीळ घातली.

ह्यांना विचारलं. लिफ्ट थांबवून तिच्या पोलादी दोरावर फडकं फिरवायचं असतं. एखादी तार तुटली असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो. दोन-चार तपासण्यांत फडकं काळं होऊन चिंध्या होतात.

म्हणून सुचवते. त्याच्या बायकोने जुनी चादर फाडून त्याला एक फडकं दिलेलं असू दे. दोन वर्षांनी ती ते धुवायला म्हणून पिशवीतून काढते, तर तिने घातलेली घडीसुद्धा मोडलेली नाही. कोरं करकरीत.

हे मला कसं सुचलं ते विचारू नकोस. इकडे सगळं ठीक. हे मजेत आहेत, आत्ताच शीळ घालत कामावर गेले.

जपून राहा. बायकोला आशीर्वाद.
तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, लेखक तू व्हायला हवं होतंस! फडक्याचा प्रसंग लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. प्रकरण सोबत धाडतो आहे.

पण पुढे पुन्हा अडलो. बायको घडी बघते, फडकं होतं तसं पिशवीत ठेवते आणि चहा टाकते. नवऱ्याला चकार शब्द बोलत नाही. का गं? मला तर आता तीच खरी गुन्हेगार वाटायला लागली आहे. त्याला निदान ठाऊक नाही की आपण काय होऊन बसलोय. हिला ठाऊक आहे.

कादंबरीतल्या लिफ्टमध्ये जीव यावा म्हणून आमच्याच लिफ्टचा हिसका उचलून तिला दिला. पंधरा दिवस झाले, चौथा मजला सोडला की दर वेळी नेमक्या त्याच जागी बारीकसा हिसका बसतो. माझी बायको म्हणते, बाळ लाथ मारतं की लिफ्ट, कळत नाही. येत्या सोमवारी तिची डॉक्टरांकडे तपासणी आहे. बरोबर दहाला निघायचं, उशीर केलास तर एकटी जाईन, अशी तंबी मिळाली आहे. तेव्हा माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घड्याळाला गजर लावतोय.

भावोजींना नमस्कार. आम्हा तिघांवर लोभ असावा.
तुझा,
शाईखाऊ


२५ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी सहा

चि. शाईखाऊ यास,
अ. आ.

बायको गप्प का बसते, विचारलंस. घर नीट चाललेलं असतं म्हणून. एक शब्द बोललं की ते नीट चालणार नाही, हे तिला कळतं. तू तिला गुन्हेगार म्हणालास ते मी चार वेळा वाचलं. फार लागलं, कारण खरं होतं.

हे दौऱ्यावर होते, ते काल संध्याकाळी परतले. तू नको म्हणाला होतास तरी मी चहाच्या वेळी त्यांना तुझं प्रकरण वाचून दाखवलं. आधी ते हसत होते. फडक्यापाशी त्यांची नजर खुंटीवरच्या पिशवीकडे गेली. हिसक्यापाशी त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, की हे त्याने मनाने रचलंय का. मी तुझं पत्रच हातात दिलं. हिसका दर वेळी त्याच जागी बसतो, म्हणजे दोराचा तोच भाग त्या वेळी वरच्या मशीनच्या चाकावरून जातो, आणि तिथे तारा तुटायला लागल्या असणार, असं ते म्हणाले. मग सगळंच बोलले. तुमच्यासकट अकरा इमारती, आणि दोन वर्षांत एकदाही वर गेले नाहीत. मी रडले, चिडले, नाही नाही ते बोलले. फडकं मला दोन महिन्यांपूर्वीच दिसलं होतं, हेही सांगितलं. आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघू शकत नाही.

कालपासून तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावते आहे. नुसती घंटा वाजते, कोणी उचलत नाही. हे पहिल्या गाडीने निघताहेत. आधी तुमची लिफ्ट बंद करतील, जिन्याने वर चढतील, मग ऑफिसात जाऊन सगळं लिहून देतील. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पिशवीत तेच फडकं आहे. घडी मी मोडून दिली.

हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. गाडी वेळेवर पोचली तर सव्वादहाला ते तुमच्या फाटकाशी असतील. आणि तू दहाला निघणार आहेस.

आयुष्यभर उशिरासाठी मी तुला बोल लावले, ते सगळे मागे घेते. गजर बंद कर, चप्पल शोधत बस, किल्ली विसर, पण आज उशीर कर रे बाळा.

तुझी,
ताई