दार वाजवलं नव्हतं

मंगळवार, ४ मार्च
दुपारी तीनला पोलिसांचं बोलावणं. तिसरा मजला, डावीकडचं दार. मी कुलूपवाला – दार न मोडता उघडायचं हे माझं काम. चाळीस सेकंदांत उघडलं. स्वतःवरच खूश! मी बाजूला झालो नि चौघे आत घुसले. आत एक म्हातारा दुपारची डुलकी काढत होता. "कोण? कोण?" म्हणत उठेपर्यंत साहेबांनी हात पिरगाळून त्याला जमिनीवर आपटलं. मनगट मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. त्यांना हवा होता त्याचा भाचा – तो तर वर्षापूर्वीच घर सोडून गेलाय!
जेवण गेलं नाही.

बुधवार, ५ मार्च
म्हातारबुवांना प्लास्टर. जिवावरचं मनगटावर निभावलं म्हणायचं.

शुक्रवार, ७ मार्च
चौकशी लागली. साहेब दुकानात आले, चहा घेतला. "आपण तीनदा दार वाजवलं, आठवतंय ना? उघडेना, म्हणून तुला कुलूप काढायला लावलं. एवढंच सांग."
मी पहिल्यापासून तिथेच होतो. कुणी वाजवलं नव्हतं. उलट मलाच दटावलं होतं – आवाज करू नकोस!
हिला सांगितलं. म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." खरंय. दुकानाचं निम्मं काम पोलिसांचंच.

सोमवार, १० मार्च
सांगून टाकलं! जबाब घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "दार वाजवलं होतं?" म्हटलं, "नाही." सही केली. इतकं हलकं वाटलं की बस सोडून चालतच घरी आलो. हिने दारातच ओळखलं. "खरं बोललात ना? बरं झालं. आठवडाभर झोपेत बडबडून माझीही झोप उडवलीत." म्हटलं, आणि मासा? "मासा गेला खड्ड्यात!"

गुरुवार, २० मार्च
साहेबांची बदली. म्हातारबुवांची माफी मागितली म्हणे. मला ना धमकी, ना काही. सुटलो! आज दोन घास जास्तच गेले.

बुधवार, २६ मार्च
पोलिसांचं बोलावणं – पुन्हा येईल असं वाटलं नव्हतं. नवे साहेब. मी हत्यारं काढायला वाकलो तर म्हणाले, "थांबा. आधी वाजवू." वाजवलं. आतून – "आले, आले!" एका बाईने साबणाच्या हातानेच दार उघडलं. ज्याला न्यायचं तो मुकाट्याने चपला घालून निघाला. सुंठीवाचून खोकला गेला! हसत जिना उतरलो, आणि मधेच थबकलो.
अकरा वर्षांत मी त्यांना शंभरेक दारं उघडून दिली. त्यातलं एकही कुणी आधी वाजवलेलं आठवत नाही.